पोकर

पत्त्यांचा एक पैजेचा खेळ. तो ५२ पत्त्यांच्या संचाने, साधारणतः दोन ते दहा खेळाडूंत खेळतात. आपले पत्ते इतरांपेक्षा वरचढ आहेत, अशी पैज खेळाडू लावतात. पैजांची रक्कम मध्यभागी जमा होते; तीस ‘पॉट’ म्हणतात. अखेरीस पत्ते उघड केल्यावर जो वरचढ ठरेल, त्यास पॉट मिळतो. तथापि बाकीच्या सर्वांनी आधीच डाव सोडल्यास उरलेला खेळाडू पत्ते न दाखवताच तो जिंकतो. त्यामुळे हलके पत्ते असतानाही मोठी पैज लावून प्रतिस्पर्ध्यास माघार घ्यावयास लावता येते. या हुलकावणीस ‘ब्लफ’ म्हणतात. पोकर हे वस्तुतः एका खेळाचे नसून खेळांच्या एका कुळाचे नाव आहे. म्हणून यातील कोणता प्रकार प्रथम शिकावा, हा प्रश्न नवशिक्यापुढे उभा राहतो.

इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स व मिसिसिपी नदीचा परिसर येथे हा खेळ रूढ झाला. त्याचे नाव ‘पोक’ या फ्रेंच खेळावरून आले असावे. प्रारंभी तो २० पत्त्यांनी खेळत. पुढे ५२ पत्त्यांचा संच वापरात आला आणि अमेरिकन यादवी युद्धाच्या (१८६१–६५) सुमारास पत्ते बदलून घेण्याची व काही पत्ते उघडे वाटण्याची पद्धत प्रचारात आली. विसाव्या शतकात टेक्सस राज्यात ‘होल्डेम’ हा प्रकार उदयास आला. लास व्हेगस येथे १९७० पासून भरणाऱ्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ या स्पर्धेमुळे त्याचा बोलबाला झाला. २००३ मध्ये ऑनलाइन पात्रता फेरीतून आलेल्या ख्रिस मनीमेकर या लेखापालाने या स्पर्धेचे अजिंक्यपद मिळविले, तेव्हापासून त्याचा प्रसार जगभर झाला.

हातांची प्रतवारी : बहुतेक प्रकारांत पाच पत्त्यांचा हात विचारात घेतात. ५२ पत्त्यांतून असे २५,९८,९६० हात संभवतात; जो हात दुर्मिळ तो वरचढ, हे प्रतवारीचे तत्त्व होय. उतरत्या क्रमाने हात व त्यांची संख्या अशी : एकाच रंगाचे (उदा., सर्व बदाम) पाच क्रमवार पत्ते (४०), चार समान पत्ते (६२४), तीन समान व एक जोडी (३,७४४), एकाच रंगाचे पाच पत्ते (५,१०८), भिन्न रंगांचे पाच क्रमवार पत्ते (१०,२००), तीन समान (५४,९१२), दोन जोड्या (१,२३,५५२), एक जोडी (१०,९८,२४०) आणि यांपैकी काहीच नसलेला हात (१३,०२,५४०). तीन पत्ती खेळणाऱ्यांनी येथे एक फरक ध्यानी घ्यावा. तीन पत्तीत क्रमवार पत्ते एकरंगी पत्त्यांहून श्रेष्ठ असतात. पोकरमध्ये याच्या उलट आहे. तीन पत्त्यांत क्रम दुर्मिळ असतो, तर पाच पत्त्यांत एकरंगी हात दुर्मिळ असतो, हे त्याचे कारण.

प्रमुख प्रकार : (१) पाच पत्त्यांचा ड्रॉ : प्रत्येकास पाच झाकलेले पत्ते मिळतात, नको असलेले एकदा बदलून घेता येतात. नियम अत्यंत सोपे असून प्रतवारी एका बैठकीत पाठ होते. मात्र प्रतिस्पर्ध्याने किती पत्ते बदलले, याखेरीज पत्त्यांविषयी काहीच दिसत नसल्याने नवशिक्याचा खेळ अंदाजावर चालतो. (२) सात पत्त्यांचा स्टड : प्रत्येकास सातपैकी चार पत्ते उघडे मिळतात. माहिती भरपूर मिळते. परंतु डाव सोडणाऱ्यांचे मिटलेले पत्तेही स्मरणात ठेवावे लागतात. (३) टेक्सस होल्डेम : प्रत्येकास दोन झाकलेले पत्ते मिळतात आणि पाच सामाईक पत्ते मध्यभागी क्रमाने तीन, एक व एक असे उघडले जातात. (४) ओमाहा : याची मांडणी होल्डेमसारखीच असते, पण हातात चार पत्ते असून त्यांतील नेमके दोनच व सामाईक तीन पत्ते वापरावे लागतात. मध्ये चार इस्पिके असूनही हातात एकट्या इस्पिकाचा एक्का असल्यास एकरंगी हात होत नाही. येथे नवशिके हटकून फसतात. होल्डेममध्ये आरंभीच्या पत्त्यांच्या १,३२६ जुळण्या होतात, तर ओमाहात २,७०,७२५.

प्रथम कोणता प्रकार : प्रतवारी अंगवळणी पडण्यासाठी ड्रॉचे काही डाव खेळावेत व नंतर होल्डेमकडे वळावे, हा क्रम सोयीचा ठरतो. होल्डेममध्ये लक्षात ठेवावयाचे थोडे आणि उघड दिसणारे पुष्कळ असल्याने निर्णय हिशोबाने तपासता येतो. उदा., तीन सामाईक पत्ते उघडल्यावर आपल्यापाशी एकूण चार बदाम जमले आहेत, असे मानू. न दिसलेल्या ४७ पत्त्यांत ९ बदाम उरतात. म्हणजे पुढचाच पत्ता बदाम येण्याची शक्यता सुमारे १९ टक्के आहे. पॉटमध्ये १०० बिल्ले असून डावात राहण्यास २० लागत असतील, तर १२० पैकी आपला वाटा सुमारे १७ टक्के होतो. तेव्हा राहणे योग्य. ४० लागत असल्यास हा वाटा २९ टक्क्यांवर जातो. तेव्हा केवळ याच पत्त्याचा विचार करता डाव सोडणे श्रेयस्कर.

प्रकाराइतकीच पैजेची मर्यादाही महत्त्वाची असते. प्रत्येक पैजेची रक्कम ठरलेली असलेला निश्चित मर्यादेचा खेळ नवशिक्यास हितकर होय. त्यात एका चुकीची किंमत अल्प राहते. दूरचित्रवाणीवरील स्पर्धांत दिसणारा अमर्याद पैजेचा होल्डेम नियमांनी तितकाच सोपा असला, तरी त्यात एकाच चुकीने सर्वस्व जाऊ शकते. सोपे नियम म्हणजे सोपा खेळ, या समजुतीनेच पुष्कळांचे नुकसान होते.

पैसा व कायदा : कॅसिनोत सामान्यतः प्रत्येक पॉटमधून चालक आपला हिस्सा काढून घेतो. परिणामी समान कौशल्याचे खेळाडू दीर्घकाळ खेळल्यास सर्वच तोट्यात जातात. पोकर हा कौशल्याचा खेळ की जुगार, याविषयी भारतीय न्यायालयांचे निर्णय एकसारखे नाहीत. महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने केवळ कौशल्याचे खेळ वगळले आहेत. गोव्यात १९७६ च्या कायद्यातील पुढील दुरुस्त्यांनी परवानाधारक कॅसिनोंना मुभा मिळाली. संसदेने २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, बंदी घातली. नवशिक्याने पैशाऐवजी चिंचोके वा बिल्ले वापरावेत. मात्र प्रत्येकास ते मोजून द्यावेत आणि अनेक बैठकींची नोंद ठेवावी, अन्यथा ब्लफला अर्थ उरत नाही. एका बैठकीचा निकाल बव्हंशी दैवाधीन असतो. म्हणून पहिल्या दिवशीच्या विजयावरून आपण खेळ शिकलो, असे मानणे धोक्याचे ठरते.