जुन्या माउंटन बाइकचे पुनरुज्जीवन

माउंटन बाइक हा सायकलीचा प्रकार जुन्या सायकलींच्या डागडुजीतूनच जन्माला आला. १९७०च्या दशकात अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील मरिन परगण्यात काही तरुणांनी श्विन कंपनीच्या, अनेक दशके जुन्या आणि जाड टायरांच्या सायकली मिळवल्या, त्या दुरुस्त केल्या आणि डोंगरउतारावर त्यांच्या शर्यती लावल्या. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी फ्रेम बांधली आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीच्या ‘स्टम्पजम्पर’मुळे ही सायकल कारखान्यातून थेट बाजारात आली. भारतात १९९०च्या दशकात ‘हिरो रेंजर’सारख्या सायकलींनी हा घाट गावोगावी पोहोचवला. त्या पिढीतील सायकली आता अनेक घरांच्या पडवीत गंजत पडलेल्या आढळतात.

भंडारा जिल्ह्यातील साकोलीसारख्या तालुक्याच्या गावी अशा सायकलीला आजही खरा उपयोग आहे. राष्ट्रीय महामार्ग ५३ वरील या गावाबाहेर पडताच धानाच्या बांध्या, पांदण रस्ते आणि नागझिऱ्याच्या दिशेचा जंगलपट्टा लागतो. तेथे जाड टायर आणि मजबूत चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा, हीच सायकलीची खरी गरज असते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या काळातील पोलादी माउंटन बाइकची जोडणी आट्यांची आणि सुट्या छऱ्यांची असल्यामुळे ती साध्या सायकलच्या दुकानातही खोलता येते व पुन्हा बसवता येते.

जुनी सायकल विकत घेताना प्रथम फ्रेम पाहावी, कारण बाकी सर्व भाग बदलता येतात. फ्रेम बदलली तर सायकलच बदलते. हँडलखालच्या उभ्या नळीला जेथे आडव्या नळ्या जोडलेल्या असतात, तेथे रंग सुरकुतलेला किंवा नळीवर फुगवटा दिसला, तर सायकल समोरून जोरात आदळलेली असण्याची शक्यता मोठी असते, आणि अशी फ्रेम घेऊ नये. वरवरचा गंज घासून काढता येतो. मात्र बोटाने दाबताच आत जाणारा किंवा पापुद्रे सुटणारा गंज नळीची जाडीच खाऊन टाकतो. सीटची दांडी फ्रेममध्ये घट्ट अडकली असेल, तर तिच्यावर ठोकाठोकी न करता गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर थांबावे.

टायर घेताना मोठी फसगत होते ती ‘२६ इंची’ या मापामुळे. माउंटन बाइकच्या, म्हणजे २६ × १.९५ असे दशांशात माप लिहिलेल्या टायरची रिमवर बसणारी कड ५५९ मिलिमीटर व्यासाची असते, तर २६ × १ ३/८ असे अपूर्णांकात माप लिहिलेल्या टायरची कड ५९० मिलिमीटरची असते. त्यामुळे दोन्ही टायर २६ इंचीच म्हणवत असले तरी एकमेकांच्या जागी बसत नाहीत. जुन्या टायरच्या बाजूवरचे माप पाहूनच नवा टायर मागवावा.

पुनरुज्जीवनाचा गाभा म्हणजे ओव्हरहॉलिंग, अर्थात प्रत्येक फिरता भाग उघडून, धुऊन, नवे ग्रीस भरून पुन्हा जोडणे. सुट्या छऱ्यांच्या रचनेत पुढच्या हबमध्ये प्रत्येक बाजूला सहसा ३/१६ इंची १० छर्रे, मागच्या हबमध्ये पाव इंची ९ आणि पायडलचे दांडे ज्या आसाला जोडलेले असतात त्या मधल्या आसाजवळ पाव इंची ११ छर्रे असतात. छर्रे स्वस्त असल्यामुळे ते सगळे बदलावेत. परंतु ज्या कोनवर ते फिरतात त्याला खड्डे पडले असतील, तर नव्या छऱ्यांचाही उपयोग होत नाही. येथे एक पथ्य पाळावे लागते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, आणि बहुतेक सायकलींमध्ये त्या मधल्या आसाच्या उजव्या कपाचेही, म्हणजे छर्रे धरणाऱ्या वाटीचेही. ते नेहमीच्या दिशेने जोर लावून सोडवू गेल्यास अधिकच आवळतात.

चेनची झीज फूटपट्टीनेही मोजता येते. आतली आणि बाहेरची कडी मिळून होणारी एक जोडी नवी असताना बरोबर १ इंच भरते, म्हणून १२ जोड्यांची लांबी १२ इंच असते. ती १/१६ इंचाने वाढली की चेन बदलावी. १/८ इंचाने वाढली असेल, तर फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरील दातेरी चकत्यांचे, दातेही बहुधा झिजलेले असतात आणि नवी चेन त्यांच्यावरून निसटते. चाकांचा आऊट काढणे, म्हणजे स्पोक हळूहळू ताणून किंवा सैल करून रिम सरळ फिरेल असे करणे, हे काम मात्र जाणत्या मिस्त्रीकडेच सोपवावे.

रंगाच्या बाबतीत घाई करू नये. मूळ रंग आणि कंपनीची चिन्हे शाबूत असतील, तर ती राखणे हेच योग्य, कारण तीच त्या सायकलीच्या काळाची ओळख असते. पुण्यातील कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात जुन्या सायकली अशाच जिव्हाळ्याने जपलेल्या आहेत. १९५१ पासून सायकली बनवणाऱ्या ॲटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनीच, बंद पडला. हे पाहता असे जतन पुढे अधिकच मोलाचे ठरणार आहे.

म्हणून पडवीतील जुनी सायकल किलोच्या भावाने भंगारात देण्याआधी ती एकदा गावातील सायकलमिस्त्रीला दाखवावी. फ्रेम शाबूत असेल, तर छर्रे, ग्रीस, चेन आणि टायर एवढ्यावर ती पुन्हा अनेक वर्षे चालू शकते, आणि हे काम जाणणाऱ्या मिस्त्रीचे कौशल्यही त्याबरोबर टिकून राहते.