पोटरीत गोळा येतो – दोष मणक्याचा की रक्तवाहिनीचा?



गळिताच्या धावपळीत दुखण्याकडे बघायला कोणाला सवड नसते. "चालताना पोटऱ्या भरून येतात, बांधावरनं विहिरीपर्यंत जायला दोनदा थांबावं लागतं," असे सांगणारे गावोगाव आहेत. घरची मंडळी निदान करून मोकळी होतात, मणक्यात गॅप आली! मग पट्टा, मालिश, शेक. दुखणे खरोखर मणक्याचे असू शकते. पण काही वेळा ते पायाला रक्त नेणाऱ्या धमनीचे असते, आणि तिकडे दुर्लक्ष झाले तर पाय गमवावा लागतो.

धमनी आतून चरबी व चुन्याने भरत जाते, पाटात गाळ साचावा तशी. बसल्या जागी पायाला थोडे रक्त पुरते. चालू लागले की मागणी वाढते आणि पुरवठा तोकडा पडतो. पायाची बोटे म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाचे रान. कालव्याच्या टेलला ज्यांची जमीन आहे त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको!

दोन दुखण्यांतला फरक घरीही ध्यानात येतो. धमनीचे दुखणे ठरावीक अंतर चालल्यावर येते, चढाला लवकर येते आणि नुसते उभे राहिले की दोन-चार मिनिटांत थांबते. मणक्यातली नस दबली असेल तर उभे राहून भागत नाही. बसावे किंवा पुढे वाकावे लागते. असा माणूस वाकून सायकल मैलभर चालवतो, पण सरळ चालता येत नाही. उतारवयात दोन्ही रोग एकाच माणसाला असतात, तेव्हा नुसत्या अंदाजावर राहू नये.

तपासणी सोपी आहे. डॉक्टर जांघ, गुडघ्यामागे, घोटा व पावलावर नाडी पाहतात. मग डॉपलर यंत्राने घोट्याचा रक्तदाब मोजून त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागतात. उत्तर ०.९ च्या खाली आले तर धमनी अरुंद झाली असे समजतात. मधुमेह्यांच्या धमन्या कडक होऊन हा आकडा फसवा, म्हणजे चांगला दिसू शकतो; त्यांच्या अंगठ्याचा दाब बघावा लागतो. शस्त्रक्रिया करायचीच ठरली तर औषध टोचून अँजिओग्राफी करतात.

प्रत्येकालाच कापाकापी लागत नाही. तंबाखू बंद, साखर व रक्तदाब ताब्यात, गोळ्या, आणि रोज दुखेपर्यंत चालणे, थांबणे, पुन्हा चालणे. एवढ्याने पुष्कळांचे चालण्याचे अंतर वाढते. झोपेत पाय ठणकू लागला, जखम भरेना, बोट काळे पडले, की मात्र रस्ता मोकळा करावाच लागतो. १९६४ साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स डॉटर यांनी पाय कापू न देणाऱ्या ८२ वर्षांच्या बाईची धमनी आतून नळी घालून रुंद केली, आणि पाय वाचला. फुग्याची अँजिओप्लास्टी पुढे त्यातूनच आली. बायपास त्याआधीचा: १९४८ साली पॅरिसच्या डॉ. जाँ कुनलँ यांनी रोग्याचीच शीर वापरून तुंबलेल्या भागाला वळसा दिला. मोरी बुजली की बाजूने चर काढतो, तेच हे.

विडीवाल्या तरुणांचा ब्युर्गर रोग वेगळा. त्यात बारीक धमन्याच बुजतात, चर जोडायला पुढे पाटच उरत नाही. दिवसाला दोन विड्यासुद्धा चालत नाहीत. मशेरीही सुटावी लागते, हे भगिनींनी मनावर घ्यावे.

आता मणक्याच्या शस्त्रक्रियेविषयी. पोटातली महाधमनी कमरेच्या चौथ्या मणक्यासमोर दुभंगते. मोठ्या शिरा तिथेच चिकटून असतात. पाठीकडून गादी काढताना अवजार गादीच्या पुढे गेले तर वाहिनी फाटू शकते. असे क्वचित होते, पण होते तेव्हा रक्त जखमेत न येता पोटात साठते आणि अचानक रक्तदाब कोसळतो. मग रोग्याला उलटवून पोट उघडावे लागते. पोटाकडून शस्त्रक्रिया करायची तर अनेक ठिकाणी रक्तवाहिन्यांचे सर्जन सोबत असतात. ते वाहिन्या बाजूला धरतात. तेवढा वेळ डाव्या पायाचे रक्त अडू शकते, म्हणून त्या पायाच्या अंगठ्याला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावून ठेवतात. चुन्याने कडक झालेली धमनी मात्र अशी हलवणे धोक्याचे. तेव्हा मणक्याचे ऑपरेशन ठरले तर "माझ्या पायाच्या नाड्या पाहिल्यात का?" असे सभासदांनी बेधडक विचारावे. आमच्या मते यात डॉक्टरांचा अपमान नाही.

बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नये. भाजलेले कळत नाही आणि जखम भरत नाही. पाचटात अनवाणी उतरू नये. आणि पाय एकाएकी पांढरा, गार पडून ठणकू लागला, बोटे हलेनात, तर ती गुठळी समजावी. सुमारे सहा तासांत रक्त चालू व्हावे लागते. अशा वेळी शेकत बसू नये, सकाळच्या एस.टी.ची वाट न पाहता गाडी रात्रीच काढावी.