जिभेवरील पुळ्या : कारणे, घरगुती उपाय आणि सावधगिरी

मराठी भाषेने जिभेवर जेवढा राग धरला आहे, तेवढा शरीराच्या दुसऱ्या कोणत्याही अवयवावर धरला नसेल. तिला हाड नाही म्हणून ती वाट्टेल तशी वळते, ती उचलली की टाळ्याला लागते, तिचे चोचले पुरविता पुरविता घरातील गृहिणी दमून जाते. एवढे असूनही निरोगी जिभेची आठवण दिवसभरात आपल्याला एकदाही होत नाही. मात्र एखाद्या सकाळी तिच्या टोकावर मोहरीएवढी पुळी उठते आणि चहाच्या पहिल्याच घोटाला डोळ्यांत पाणी उभे राहते. मग दिवसभर दातांवर जीभ घासली जाते, बोलणे टाळले जाते आणि जेवण नकोसे होते. बँकेच्या काउंटरवर बसून ग्राहकांशी अखंड बोलणाऱ्या कर्मचाऱ्याला तर ही मोहरी फारच जड जाते.

नोकरीच्या निमित्ताने कोलकात्यातील एस्प्लनेड परिसरात राहणाऱ्यास या विषयाचे धडे रोजच मिळतात. मधल्या सुट्टीत डेकर्स लेनमध्ये वाफाळत्या स्ट्यूच्या वाट्या रिकाम्या होत असतात. १८७४ साली सुरू झालेल्या न्यू मार्केटच्या आसपास फुचकावाल्यांभोवती घोळके जमतात. चिंचेचे आंबट-तिखट पाणी, हिरव्या मिरचीची झालमुडी, मातीच्या भांड्यातील कढत चहा आणि शेवटी पान, असा हा क्रम असतो. यातील प्रत्येक पदार्थ चवीला उत्तम आहे. परंतु तासाभरात हे सारे एकाच जिभेवरून जाते, तेव्हा ती कधीतरी तक्रार करणारच. आपल्याकडील वडापाव, मिसळ आणि पाणीपुरी यांच्याबाबतही हेच म्हणता येईल. ही तक्रार बहुधा किरकोळ असते. क्वचित ती गंभीर असते, आणि या दोहोंतील फरक प्रत्येकाला ओळखता यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जिभेची रचना

आरशासमोर उभे राहून जीभ पूर्ण बाहेर काढल्यास तिचा पृष्ठभाग मखमलीसारखा दिसतो. हा मखमलीपणा असंख्य सूक्ष्म अंकुरांमुळे येतो. हे अंकुर चार प्रकारचे असतात. सर्वांत अधिक संख्या बारीक धाग्यांसारख्या अंकुरांची असते. त्यांना चव कळत नाही, ते केवळ अन्न धरून ठेवतात. टोकाला आणि कडांना तांबूस ठिपक्यांसारखे दिसणारे अंकुर छत्रीच्या आकाराचे असतात. कडेला, अगदी मागच्या बाजूस, उभ्या घड्यांसारखे अंकुर असतात. आणि जिभेच्या मुळाशी, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात, आठ ते बारा मोठे गोल उंचवटे असतात.

हे शेवटचे दोन प्रकार अनेकांच्या झोपेचे खोबरे करतात. घसा दुखत असताना कोणी आरशात डोकावतो, जिभेच्या मुळाशी गाठींची रांग पाहतो आणि हादरतो. वास्तविक दोन्ही बाजूंना सारखे, एका ओळीत असलेले हे उंचवटे जन्मापासून आपल्याजवळ असतात. त्यांची नजरभेट तेवढी प्रथमच झालेली असते.

शाळेच्या पुस्तकात टोकाला गोड, कडेला आंबट आणि मागे कडू असा जिभेचा नकाशा असे. तोही आता शास्त्राने बाद ठरविला आहे. रुचिकलिका जेथे जेथे आहेत, तेथे तेथे सर्व मूळ चवी कळतात. या रुचिकलिकांच्या पेशी साधारणपणे दहा दिवसांनी नव्या होतात. म्हणूनच गरम चहाने पोळलेली जीभ आठवड्याभरात पूर्ववत होते.

पुळ्या का येतात?

आपल्या प्राचीन वैद्यकाने या विकाराची बारकाईने नोंद केली आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखाचे ६५ रोग सांगितले असून त्यांपैकी पाच जिभेचे आहेत. त्यांतही तीन 'कंटक', म्हणजे काटे, या नावाचे आहेत. वाताने जीभ फुटते आणि सागाच्या पानासारखी खरखरीत होते, पित्ताने तिची आग होऊन तांबडे काटे उठतात, तर कफाने ती जड होऊन सावरीच्या काट्यांसारखे मांसल उंचवटे येतात, असे वर्णन तेथे आढळते. आजच्या वैद्यकाची कारणमीमांसा निराळी असली, तरी 'जिभेला काटे आले' हा आपल्या घरातील शब्दप्रयोग किती जुना आहे, हे यावरून ध्यानी येते.

आधुनिक वैद्यकानुसार सर्वांत अधिक आढळणारा प्रकार म्हणजे एखाद्या अंकुराला आलेली सूज. टोकाशी किंवा कडेला लाल अथवा पांढरट, टोचणारी पुळी येते आणि दोन-चार दिवसांत आपोआप जाते. इंग्रजी बोलणाऱ्या समाजात हिला 'खोटे बोलल्याची पुळी' म्हणतात. तिचा आणि सत्यवचनाचा काही संबंध नाही, हे वेगळे सांगावयास नको! कढत, अतिआंबट वा तिखट पदार्थ, जीभ दाताखाली येणे, दाताची धारदार कड, जागरण आणि मानसिक ताण ही तिची संभाव्य कारणे मानली जातात.

दुसरा प्रकार म्हणजे तोंड येणे. यात पुळीऐवजी पांढरट-पिवळ्या तळाचा आणि लाल कडेचा उथळ व्रण होतो. तो एक ते दोन आठवड्यांत भरून येतो. काहींना तो वारंवार होतो, घराण्यात चालत येतो, परीक्षेच्या वा मार्चअखेरच्या दिवसांत हटकून उगवतो. टूथपेस्टला फेस आणणाऱ्या सोडियम लॉरिल सल्फेट या द्रव्यामुळेही काहींचा त्रास वाढतो. अशांनी ते नसलेली पेस्ट वापरून पाहावी.

तिसरा प्रकार पुसता येणाऱ्या पांढऱ्या थराचा. ही एक प्रकारची बुरशी असते. प्रतिजैविकांचा दीर्घ वापर, अनियंत्रित मधुमेह, रात्रभर न काढलेली कवळी किंवा दम्याचा स्टिरॉइडयुक्त पंप घेतल्यावर चूळ न भरणे ही तिची नेहमीची निमित्ते होत. लहान मुलांना तापाबरोबर तोंडात फोड आणि तळहात-तळपायांवर पुरळ आले, अथवा ताप व पुरळ यांसह जीभ स्ट्रॉबेरीसारखी लालबुंद झाली, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून त्यांना डॉक्टरांकडेच न्यावे.

मुंबईतील एक संशोधन

जीभ कधी कधी शरीरातील उणिवेचीही वर्दी देते. या संदर्भात एक महत्त्वाचे संशोधन आपल्या मुंबईत झाले. १९२८ साली लुसी विल्स या ब्रिटिश महिला डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. गिरणगावातील गरीब गरोदर स्त्रियांना होणाऱ्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. आहारातील उणीव हेच त्याचे मूळ असावे, असे त्यांना वाटत होते. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइट या साध्या स्वस्त पदार्थाने, या स्त्रिया बऱ्या होतात, असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. आज प्रत्येक गरोदर स्त्रीला दिल्या जाणाऱ्या गोळीमागे मुंबईच्या कष्टकरी स्त्रियांच्या सोसण्याचा हा इतिहास आहे.

फॉलिक आम्ल, बी-१२ जीवनसत्त्व आणि लोह यांच्या कमतरतेत जिभेवरील अंकुर झडू लागतात. ती गुळगुळीत, लाल किंवा फिकट दिसते, जळजळते, तोंड पुनःपुन्हा येते. बी-१२ हे दूध, दही, अंडी, मासे यांसारख्या प्राणिज पदार्थांतून मिळत असल्याने अल्प दूध घेणाऱ्या शाकाहारी मंडळींत त्याची उणीव विशेष आढळते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांतही ती होऊ शकते. अशा वेळी वर्षानुवर्षे मलमे लावण्यापेक्षा एकदा रक्ततपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते. पालेभाज्या, डाळी, मोडाची कडधान्ये आणि दही यांचा आहारात नित्य समावेश असावा.

घरातील उपाय

किरकोळ पुळीसाठी सर्वांत निर्धोक उपाय मिठाच्या कोमट पाण्याचा. पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या कराव्यात. मीठ झोंबत असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. बर्फाचा लहान खडा चघळल्याने, तसेच थंड दूध वा गोड ताक घेतल्याने ठणका कमी होतो. साजूक तुपाचे बोट किंवा मध लावल्याने व्रणावर आवरण येऊन झोंबणे थांबते. मात्र एक वर्षाखालील बालकाला मध मुळीच देऊ नये. ज्येष्ठमधाची काडी चघळणे, जाईची किंवा पेरूची कोवळी पाने चावून त्यांचा रस तोंडात फिरवून थुंकणे, हे आजीबाईच्या बटव्यातील उपाय आहेत. त्यांनी अनेकांना आराम वाटतो. रक्तदाबाच्या रुग्णांनी मात्र ज्येष्ठमध नेमाने घेऊ नये, कारण त्याने रक्तदाब वाढू शकतो.

काही परंपरागत उपाय आता सोडून द्यावयास हवेत. टाकणखाराची लाही मधात कालवून बाळाच्या जिभेला चोळण्याची पद्धत अनेक घरांत होती. टाकणखार बालकांना विषारी ठरू शकतो. तो वापरू नये. पुळी सुईने टोचणे, नखाने खुडणे, लवंगेचे तेल निव्वळ लावणे, ॲस्पिरिनची गोळी तोंडात धरणे यांनी जखम वाढते. दुखणे दडपण्यासाठी मिश्री वा तंबाखू लावणे हा तर रोगालाच आमंत्रण देण्याचा प्रकार आहे. घरात उरलेली प्रतिजैविके स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

पुळी बरी होईपर्यंत आंबट, तिखट, कुरकुरीत पदार्थ टाळावेत, चहा कोमट करून प्यावा, मऊ ब्रश वापरावा आणि जीभ हलक्या हाताने स्वच्छ करावी. रक्त येईपर्यंत जीभ खरवडणे म्हणजे स्वच्छता नव्हे.

ज्याची वाट पाहू नये

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. जिभेवरील पुळी, व्रण वा गाठ दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तर ती डॉक्टरांना किंवा दंतवैद्यांना दाखवावीच. विशेषतः जिभेच्या कडेला असलेला, न दुखणारा, हाताला कडक लागणारा व्रण कधीही अंगावर काढू नये. आपल्याकडे लोक दुखण्याला भितात आणि न दुखणाऱ्याला माफ करतात. मुखाचा कर्करोग नेमका याच सवयीचा लाभ उठवितो. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, कारणाविना रक्त येणे, जीभ हलविताना अडखळणे, गिळताना त्रास, मानेत गाठ आणि तोंडात आपली तीन बोटे उभी न मावणे, ही सर्व धोक्याची लक्षणे आहेत.

भारतात २०२२ या एका वर्षात ओठ व मुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाल्याचा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत २१.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे दिसले. 'मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो' असे समाधान अनेकजण मानतात. परंतु सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष याच संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला आहे. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. तथापि कायद्याची बंदी आपल्या ओठांपर्यंत पोहोचविणे आपल्याच हाती आहे. ग्राहकांच्या रांगेत, ट्रामच्या थांब्यावर, कचेरीच्या जिन्यात लाल पिचकाऱ्यांचे डाग दिसतात, तेव्हा ते पुसण्याचा खर्च आपण मोजतो. त्यामागील माणसाचा खर्च मात्र मोजत नाही.

येथे कोलकात्याचे एक ऋण नमूद केले पाहिजे. एस्प्लनेडपासून फार दूर नसलेल्या मौलाली भागात डॉ. आर. अहमद दंत महाविद्यालय उभे आहे. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी अमेरिकेत शिक्षण घेऊन परतल्यावर १९२० साली या शहरात भारतातील पहिले दंत महाविद्यालय सुरू केले आणि १९४९ साली ते राज्य शासनाच्या स्वाधीन केले. १९६४ साली ते पद्मभूषण झाले. दातांच्या डॉक्टरकडे केवळ दात काढावयास जायचे असते, हा आपला समज शंभर वर्षांनंतरही पुरता गेलेला नाही. खरे पाहता तोंडातील कोणत्याही न भरणाऱ्या व्रणाचा पहिला जाणकार परीक्षक दंतवैद्यच असतो. शासकीय दंत महाविद्यालयांत ही तपासणी अल्प खर्चात होते.

वाचकहो, महिन्यातून एक दिवस ठरवावा. पासबुकातील नोंदी तपासण्याचा दिवस असेल तर तोच चालेल. चांगल्या उजेडात, आरशासमोर, कवळी असल्यास ती काढून, जिभेचा वरचा भाग, दोन्ही कडा आणि टाळूला टोक लावून खालची बाजू पाहावी. गालांच्या आतून बोट फिरवावे. या कामास दोन मिनिटे पुरतात. काही नवे आढळल्यास कॅलेंडरवर त्या तारखेभोवती खूण करावी, मीठ-पाण्याच्या गुळण्या सुरू कराव्यात आणि चौदाव्या दिवशी पुन्हा पाहावे. पुळी गेली असेल तर फुचक्याची गाडी आहेच. ती तेथेच असेल, तर त्याच दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून डॉक्टरांकडे जावे.