सत्तर वेळां सात

एकत्र कुटुंबांत मोठे अपराध क्वचितच घडतात. लहान मात्र रोज घडतात. वाटणीच्या वेळीं एखादें भांडें इकडचें तिकडे जातें, मुंजीच्या आमंत्रणांत एक नांव राहून जातें, पाहुण्यांदेखत सुनेच्या माहेराविषयीं सासूबाई एक शब्द बोलून जातात. आणि त्या एका शब्दावर दहा वर्षांचा अबोला उभा राहतो. दोघे सख्खे भाऊ एका पंक्तीला जेवतात, वडिलांच्या श्राद्धाला शेजारीं शेजारीं बसतात, पण मीठ हवें असेल तर तिसऱ्याकडून मागवितात. हें ज्यांनीं कोठेंच पाहिलेलें नाहीं असे भाग्यवान् वाचक थोडेच असतील.

क्षमेची थोरवी आपणांस ठाऊक नाहीं असें नाहीं. तिला आपण वीराचें भूषण म्हणतों. परंतु भूषण म्हटलें कीं तें पेटींत जपून ठेवावयाचें झालें. सणावारीं काढावें, चार लोकांनीं पाहावें आणि पुन्हां पेटीला कुलूप लावावें. येशू ख्रिस्तानें आपल्या शिष्यांना जी प्रार्थना शिकविली, तींत क्षमेला कोठें स्थान दिलें आहे हें पाहण्याजोगें आहे. आजच्या दिवसाची भाकरी मागून होतांच लगेच क्षमेची मागणी येते. आणि आपण दुसऱ्यांना जशी क्षमा करतों तशीच ती आपणांस मिळावी, असें तेथें म्हटलें आहे. भाकरीच्या शेजारीं बसविलेली ही क्षमा भाकरीसारखीच रोजच्या रोज भाजावी लागते. कालची आज पुरत नाहीं.

धर्मांतराचा वाद येथें आम्हांस उकरून काढावयाचा नाहीं. ख्रिस्ताच्या शिकवणींतील हें अंग कोणत्याही गृहस्थाश्रमाला उपकारक आहे, एवढ्याच दृष्टीनें आम्हीं तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

पेत्र नांवाच्या शिष्यानें एकदां गुरूला विचारलें कीं, भावानें माझा अपराध केला तर त्याला किती वेळां क्षमा करावी? सात वेळां केली म्हणजे पुरे ना? सात म्हणतांना आपण पुष्कळ औदार्य दाखविलें असें त्याला वाटलें असावें. उत्तर मिळालें तें 'सत्तर वेळां सात'. चारशें नव्वद मोजून पुढच्या खेपेस काठी उगारावी असा याचा अर्थ नव्हे; मोजणेंच सोडून द्यावें, हा त्यांतील भाव.

याच प्रसंगीं ख्रिस्तानें एक दृष्टांत सांगितला. एका राजाचा चाकर दहा हजार तालांत देणें लागत होता. एक तालांत म्हणजे सुमारें सहा हजार दिनार, आणि एक दिनार ही त्या काळीं मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हां हें कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचें झालें. वर्षांतून तीनशें दिवस राबणाऱ्या माणसाला तें फेडावयाला दोन लक्ष वर्षें लागलीं असतीं! चाकरानें पाय धरले आणि राजानें सारें कर्ज सोडून दिलें. तोच चाकर बाहेर पडला तों त्याला शंभर दिनार देणें लागणारा एक सोबती भेटला. त्याचा यानें गळा धरला आणि त्याला तुरुंगांत टाकविलें. शंभर दिवसांची मजुरी ही कांहीं क्षुल्लक रक्कम नव्हे. आपला जो अपराध दुसऱ्यानें केला तो खोटा आहे किंवा हलका आहे, असें हा दृष्टांत म्हणत नाहीं. एवढेंच म्हणतो कीं, सोबत्याचे शंभर दिनार मोजतांना हा मनुष्य आपले सहा कोटी विसरला.

क्षमेचें मूळ नम्रतेंत आहे तें असें. क्षमा करणारा उंचावर बसलेला आणि घेणारा पायाशीं उभा, अशी आपली समजूत असते; म्हणून आपली क्षमा दुसऱ्याला उपकारासारखी बोंचते. परंतु ज्याला परमेश्वराच्या प्रीतीनें आधींच ऋणमुक्त केलें आहे, त्यानें दुसऱ्याचें ऋण सोडणें हा उपकार कसला? शेवटच्या भोजनाच्या रात्रीं ख्रिस्त पंक्तीवरून उठला, त्यानें कमरेला वस्त्र गुंडाळलें आणि पाणी घेऊन तो शिष्यांचे पाय धुऊं लागला. त्या देशांत हें काम चाकराचें. त्याच रात्रीं त्याला शत्रूंच्या हातीं देणारा यहूदाही त्या पंक्तींत होता; त्याला वगळल्याचें कोठें सांगितलेलें नाहीं.

आपल्याकडे सून सासूच्या पायां पडते, धाकटा थोरल्याला नमस्कार करतो. हा शिष्टाचार सुंदर आहे. पण तो एकाच दिशेनें वाहतो. चूक थोरल्याची असेल तर काय करावें, याची रीति आपण कोठें शिकविली आहे? 'माझें चुकलें हो' असें सासूबाईंनीं सुनेला म्हटलेलें किती घरांत ऐकूं येतें? आपल्या मुलाजवळ तेंच शब्द उच्चारणारा बाप किती जणांनीं पाहिला आहे? वडीलकी अशानें उणावत नाहीं. उलट, ज्या घरांत थोरलीं माणसें वांकतात त्या घरांत धाकट्यांना वांकणें जड जात नाहीं.

प्रवचनांत हें सारें ठीक आहे, संसारांत तें उतरावें कसें, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर महाराष्ट्रांतीलच एका ब्राह्मण दांपत्याच्या चरित्रांत आहे. कवि नारायण वामन टिळक १८९३ सालीं राजनांदगांवास जात असतां आगगाडींत एका युरोपियन गृहस्थानें त्यांच्या हातीं नवा करार दिला. त्यांतील डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन वेधलें आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. मागें पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू. लक्ष्मीबाईंचे वडील मीठसुद्धां धुऊन घेण्याइतके सोंवळे पाळणारे. अशा घरच्या मुलीवर हा आघात केवढा असेल याची कल्पना आमच्या वाचक भगिनींनीं करावी. पति जिवंत असून संसार नाहीं. समाजांत तोंड दाखविण्याची चोरी. पुढचीं चार-पांच वर्षें त्यांनीं आप्तांच्या आश्रयानें काढलीं.

पुढें तीं दोघें पुन्हां एकत्र आलीं, तीं धर्म एक झाल्यावर नव्हे, तर त्याच्या आधींच. लक्ष्मीबाईंनीं आपला आचार सोडला नव्हता. त्यांचा स्वयंपाक निराळा होत असे. आधीं धर्म बदल, मग घरांत ये, असा हट्ट टिळकांनीं धरला नाहीं. आणि आधीं प्रायश्चित्त घ्या, मग मी येतें, अशी अट लक्ष्मीबाईंनीं घातली नाहीं. पशुपक्ष्यांच्या जाती डोळ्यांना दिसतात, माणसांत मात्र स्त्री आणि पुरुष यांवांचून निराळी जात दिसत नाहीं, असा विचार पुढें त्यांच्याच मनांत उगवला. सोंवळें गळून पडलें तें त्यानंतर. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. परंतु आमच्या दृष्टीनें या कथेचा गाभा त्या आधींच्या दिवसांत आहे: एका छपराखालीं दोन आचार, आणि तरीही एक संसार. कोणाचा अपराध मोठा याचा निवाडा झाल्याशिवाय एकत्र यावयाचें नाहीं, असें दोघांपैकीं एकानेंही म्हटलें असतें तर तें घर पुन्हां उभें राहिलें नसतें.

टिळक १९१९ सालीं वारले. त्यानंतर लक्ष्मीबाईंनीं 'स्मृतिचित्रें' लिहिलीं. त्यांचा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. टिळकांचा तापट स्वभाव, घरांतला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे होण्याची त्यांची संवय, त्यांपायीं झालेली ओढाताण, कांहींही त्यांनीं लपविलेलें नाहीं. पण सांगतांना त्या हंसतात, आणि वाचणाराही हंसतो. शंभर दिनारांची वही त्यांनीं केव्हांच फाडून टाकली होती. पतीनें अपुरें ठेवलेलें 'ख्रिस्तायन' त्यांनीं स्वतः चौसष्ट अध्याय रचून पुरें केलें. ज्यानें आपला संसार एकदां मोडला, त्याचेंच अपुरें काम हातीं घेऊन पुरें करणें याहून क्षमेचें पूर्ण रूप तें कोणतें?

तर मग अन्याय मुकाट्यानें सोसावा काय? नाहीं. क्षमा आणि न्याय हीं एकमेकांचीं वैरी नव्हेत. ओडिशांत बारिपदा येथें कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांचे दोन मुलगे, दहा वर्षांचा फिलिप व सहा वर्षांचा टिमथी, यांना जानेवारी १९९९ मध्यें मनोहरपूर गांवीं मोटारींत जिवंत जाळण्यांत आलें. पत्नी ग्लॅडिस यांनीं मारेकऱ्यांना आपण क्षमा केल्याचें उघड सांगितलें आणि पतीचें काम त्यांनीं पुढें कित्येक वर्षें चालविलें. खटला मात्र त्यामुळें थांबला नाहीं. मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं कायम केली. शासन करणें न्यायालयाकडे राहिलें. आपल्या अंतःकरणांत द्वेषाला घर करूं द्यावयाचें नाहीं, एवढें त्या माउलीनें स्वतःकडे ठेवलें. म्हणूनच, छळ सोसणाऱ्या सुनेला 'तूं क्षमा कर म्हणजे झालें' असा उपदेश करून छळणाऱ्याला मोकळें सोडणें याला आम्हीं क्षमा म्हणत नाहीं. तेथें प्रथम छळ थांबविणें हें घरांतील वडील माणसांचें कर्तव्य आहे.

हा धर्म आपणांस परका नाहीं. अंगावर पुनः पुन्हां थुंकणाऱ्यावर न रागावतां पैठणचे नाथ पुनः पुन्हां गोदावरीवर स्नानास गेले, ही आख्यायिका आपण मुलांना सांगतोंच. पण थुंकणारा अनोळखी असतो तेव्हां शांत राहणें एक वेळ साधतें. घरचें माणूस बोलतें तेव्हां तें साधत नाहीं, हा सर्वांचा अनुभव आहे.

म्हणून शेवटीं ख्रिस्ताचा आणखी एक दृष्टांत, तोही एका एकत्र घराचाच. धाकटा मुलगा आपला वांटा घेऊन गेला, सारें उधळून अन्नाला महाग होऊन परत आला. बाप धांवत सामोरा गेला आणि त्यानें घरांत मेजवानी मांडली. शेतावरून आलेला थोरला मात्र रागावून दाराबाहेर उभा राहिला. इतकीं वर्षें राबलों मी, आणि कौतुक याचें! त्याचा हिशेब अगदीं बरोबर होता. बाप त्याच्यासाठींही बाहेर आला आणि त्याची मनधरणी करूं लागला. येथें दृष्टांत संपतो. थोरला आंत गेला कीं नाहीं, हें ख्रिस्तानें सांगितलेलें नाहीं.

तें ऐकणाऱ्यानें ठरवावयाचें आहे. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचा हिशेब अगदीं बरोबर आहे आणि जे अजून दाराबाहेर उभे आहेत, त्यांना आमची एवढीच विनंति कीं, आज पानें मांडलीं जातील तेव्हां आंत जावें; आणि पहिला शब्द आपणच बोलावा.