थीम पार्कमधील चित्रीकरण : उत्पन्न आणि प्रताधिकार

मोबाइलमधील कॅमेरा आणि स्वस्त इंटरनेट यांमुळे चित्रफीत तयार करून ती प्रसारित करणे सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले आहे. खोपोलीजवळील इमॅजिका किंवा कोची व बंगळूरू येथील वंडरला अशा मनोरंजन उद्यानांत स्वतः केलेले चित्रण यूट्यूबवर प्रसारित करून जाहिरातींच्या उत्पन्नातील वाटा मिळविण्याचा मार्ग तरुणांपुढे खुला झाला आहे. ‘चित्रण मी केले, म्हणून सर्व हक्क माझे’ ही यामागील सर्वसाधारण समजूत अर्धीच बरोबर आहे. तिच्यावर विसंबून राहणाऱ्याला उत्पन्न तर गमवावे लागतेच, पण काही वेळा स्वतःच्या चित्रफितीवरील हक्कही गमवावा लागतो.

एक चित्रफीत, अनेक हक्क

प्रताधिकार, म्हणजेच कॉपीराइट, अधिनियम, १९५७ नुसार चित्रफितीला चित्रपटाप्रमाणेच संरक्षण मिळते. ती तयार करण्यात पुढाकार घेऊन जबाबदारी उचलणारी व्यक्ती ही तिची निर्माता, आणि सामान्यतः पहिली हक्कधारक ठरते. हा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो; त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही.

मात्र चित्रफितीत टिपली गेलेली शिल्पे, रंगविलेले देखावे, गीते आणि ध्वनिमुद्रणे यांवरील मूळ निर्मात्यांचे हक्क अबाधित राहतात. कलम १३(३) याहून पुढे जाते. चित्रपटाचा भरीव भाग दुसऱ्याच्या प्रताधिकाराचे उल्लंघन करणारा असेल, तर त्या चित्रपटात प्रताधिकार अस्तित्वातच येत नाही. अशी चित्रफीत तिसऱ्याच कोणी उचलली, तरी मूळ चित्रणकर्त्याला त्याविरुद्ध प्रताधिकाराचा आधार घेता येणार नाही.

दृश्याला सवलत, ध्वनीला नाही

उल्लंघन न ठरणाऱ्या कृती कलम ५२ मध्ये नमूद आहेत. सार्वजनिक ठिकाणी किंवा जनतेला प्रवेश असलेल्या वास्तूत कायमस्वरूपी असलेली कलाकृती चित्रपटात समाविष्ट करण्यास कलम ५२(१)(यू) मुभा देते. अन्य कलाकृती केवळ पार्श्वभूमी म्हणून किंवा अनुषंगाने आल्यास तीही चालते. या खंडात ‘विनामूल्य प्रवेश’ अशी अट नाही आणि व्यावसायिक व अव्यावसायिक चित्रण असा भेदही नाही. त्यामुळे उद्यानातील इमारती, पुतळे व देखावे यांच्या चित्रणाला येथे भक्कम आधार मिळतो.

ही सवलत ‘कलाकृती’पुरती, म्हणजे चित्र, शिल्प, वास्तुरचना आदींपुरती मर्यादित आहे. संगीत, गीत, ध्वनिमुद्रण आणि पडद्यावर दाखविला जाणारा चित्रपट तिच्यात येत नाहीत. इमॅजिकामध्ये १९८७ च्या ‘मि. इंडिया’ चित्रपटावर आधारित एक राइड आहे. तिच्या प्रवेशद्वाराचे चित्रण करणे वेगळे आणि आतील पडद्यावरील संपूर्ण दृश्य टिपून प्रसारित करणे वेगळे; दुसऱ्या कृतीला उपरोक्त सवलत लागू होत नाही. ध्वनिक्षेपकावरील गाण्याबाबतही हेच लागू पडते. उद्यानाने गाणी जाहीरपणे वाजविण्याचा परवाना घेतला, म्हणून प्रेक्षकाला ती चित्रफितीतून प्रसारित करण्याचा अधिकार मिळत नाही. रंगमंचावरील नृत्य वा कसरतींच्या चित्रणात कलाकारांच्या स्वतंत्र हक्कांचाही विचार करावा लागतो.

किरकोळ वापर क्षम्य आहे काय? इंडिया टीव्ही विरुद्ध यशराज फिल्म्स या प्रकरणात २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयाने गाण्यांच्या अत्यल्प वापराला ‘क्षुल्लक बाबींची दखल कायदा घेत नाही’ हे तत्त्व लावले. हानीचे स्वरूप, न्यायनिवाड्याचा खर्च आणि कृती करणाऱ्याचा हेतू हे घटक तेव्हा विचारात घेतले गेले. तथापि, हा निर्णय ‘इतक्या सेकंदांपर्यंत वापर मोफत’ असा नियम घालून देत नाही.

तिकिटावरील अटी

प्रताधिकाराचा प्रश्न सुटला तरी कराराचा प्रश्न उरतो. उद्यान ही खाजगी मालमत्ता असल्याने प्रवेशाच्या अटी तिच्या मालकाला ठरविता येतात. अमेरिकेतील डिस्नेच्या उद्यानांत पूर्वपरवानगीशिवाय व्यावसायिक चित्रीकरणास मनाई आहे. अशा अटीचा भंग हे प्रताधिकाराचे उल्लंघन नसून कराराचा भंग असतो. त्याचे उपायही वेगळे असतात. परदेशातील चित्रणासाठी तेथील कायदाही पाहावा लागतो. फ्रान्समध्ये २०१६ साली देण्यात आलेली तत्सम सवलत व्यक्तींच्या अव्यावसायिक वापरापुरतीच आहे. म्हणजे आपल्याकडे ज्या कृतीला कायद्याचा आधार आहे, तीच कृती तेथे उत्पन्न सुरू होताच आक्षेपार्ह ठरू शकते.

अर्थशास्त्राची दृष्टी

उद्यानाच्या दृष्टीने अशी चित्रफीत ही बहुधा विनामूल्य जाहिरात असते. म्हणूनच अनेकदा नियमांकडे कानाडोळा होतो. पण कानाडोळा म्हणजे परवाना नव्हे. संगीताच्या हक्कधारकाला मात्र त्या जाहिरातीचा लाभ नसतो. तीस सेकंदांच्या गाण्यासाठी हक्कधारक शोधणे, वाटाघाटी करणे आणि करार करणे यांचा खर्च त्या वापराच्या मूल्याहून अधिक होतो. रोनाल्ड कोस यांनी अर्थशास्त्रात केंद्रस्थानी आणलेला हाच तो व्यवहारखर्च होय.

यूट्यूबने २००७ साली सुरू केलेली कंटेंट आयडी ही स्वयंचलित प्रणाली हा खर्च कमी करते. ध्वनी वा दृश्य जुळल्यास हक्कधारक चित्रफीत रोखू शकतो किंवा तिचे उत्पन्न स्वतःकडे वळवू शकतो. निर्मात्याला त्यावर हरकत घेता येते. परंतु त्या हरकतीवर प्रथम निर्णय दावा करणारा पक्षच घेतो. खर्च वाचला, तरी निवाडा न्यायालयाबाहेर गेला, आणि त्याचा भार वकील परवडत नसलेल्या लहान निर्मात्यावर अधिक पडतो. कलम ५२ मधील सवलत यंत्राला कळत नाही. ती निर्मात्यालाच ठामपणे मांडावी लागते.

समारोप

उत्पन्नाची अपेक्षा असेल, तर उद्यानाची लेखी परवानगी घेणे, मूळ ध्वनी काढून स्वतःचे निवेदन वा परवानाप्राप्त संगीत वापरणे आणि पडद्यावरील दृश्ये व रंगमंचीय कार्यक्रम वगळणे हे व्यवहार्य मार्ग आहेत. परीक्षार्थींनी प्रताधिकार, करार आणि प्रसारण मंचाचे खाजगी नियम या तीन स्तरांतील फरक ध्यानात ठेवावा. एका स्तरावर वैध असलेली कृती दुसऱ्या स्तरावर अडचणीत येऊ शकते. निर्मितीला प्रोत्साहन आणि जनतेला वापराची मोकळीक हे प्रताधिकाराचे दुहेरी उद्दिष्ट आहे. संगीताच्या आनुषंगिक वापरालाही मर्यादित वैधानिक सवलत द्यावी काय, या प्रश्नाचा विचार याच कसोटीवर व्हायला हवा.