गवाक्षाची परवानगी

संस्कृतांत खिडकीस दोन सुंदर नांवें आहेत. 'वातायन' म्हणजे वाऱ्याची वाट, आणि 'गवाक्ष' म्हणजे गाईचा डोळा. ह्या दुसऱ्या शब्दाची सिद्धि आम्ही वर्गांत पस्तीस वर्षें शिकविली. 'गो' आणि 'अक्षि' हे शब्द जुळतांना पाणिनीनें स्फोटायन नांवाच्या पूर्वाचार्याचें मत नमूद करून एक आदेश सांगितला आहे. इतर शब्दांत तो वैकल्पिक आहे; केला न केला तरी रूप शुद्धच. खिडकी ह्या अर्थीं मात्र तो नित्य होतो, आणि 'गवाक्ष' हें एकच रूप चालतें. मुलें विचारीत, "गुरुजी, इथेंच सक्ती कां?" आम्ही सांगत असूं, "शिष्टांची रूढि." सेवानिवृत्तीनंतर तोच प्रश्न आमच्या घरच्या खिडकीनें आम्हांस विचारला. इतरांच्या घरीं बहुधा जी परवानगी लागत नाहीं, ती आमच्याच खिडकीस कशी अटळ झाली, ती हकीकत येथें सांगत आहों. जुन्या घरांत एकत्र नांदणाऱ्या वाचकांस तिचा थोडाफार उपयोग व्हावा, एवढाच हेतु.

पुण्यांत शनिवारवाड्यालगतच्या पेठेंत आमचें वडिलोपार्जित घर आहे. त्याला वाडा म्हणण्याची रीत आहे, म्हणून वाडा म्हणावयाचें. वस्तुतः दोन मजले, एक चौक, विटामातीच्या जाड भिंती आणि सागवानी खांब-तुळया. खालीं थोरल्या वहिनी व त्यांचा मुलगा-सून, वर आम्ही आणि आमची मंडळी, चूल एकच. माडीवर रस्त्याच्या बाजूस तीन खिडक्या आहेत. प्रत्येकीला दोन झडपा, मध्यें उभे लोखंडी गज, आणि भिंत जाड असल्यामुळें तळाशीं माणूस बसेल एवढी रुंद जागा. मधली खिडकी वहिनींची. त्यांचें वय ब्यायशीं. दुपारचें आटोपलें कीं त्या तेथें बसून तांदूळ निवडीत, पोथी वाचीत आणि रस्ता पाहात. दृष्टि अधू झाल्यामुळें दिव्याखालीं त्यांस अक्षर लागत नाहीं. दिवसाचाच उजेड लागतो.

2022 च्या आषाढांत एका वादळी संध्याकाळीं ह्याच खिडकीची एक झडप बिजागरीसकट निखळून रस्त्यावर पडली. खालीं बसणारी गजरेवाली क्षणापूर्वींच टोपली उचलून आडोशाला सरकली होती, म्हणून अनर्थ टळला. वर जाऊन पाहतों तों चौकटीचा खालचा भाग वाळवीनें पुरता पोखरलेला. वरून रंगाचा पापुद्रा तेवढा शाबूत.

रात्रीं जेवणें झाल्यावर घरांत सभा भरली. पुतण्याचें मत असें कीं, तीनहि खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या कांचा बसवाव्या, आणि हातासरशी मधली खिडकी दोन फूट रुंद करावी. सूनबाईंचा आग्रह डांसांच्या जाळीचा. आम्हांस सागवान हवें होतें, पण त्याचा भाव ऐकून आम्ही गप्प बसलों. वहिनी म्हणाल्या, "काय करायचें तें करा, पण श्रावणाआधीं करा. श्रावणांत पोथी चुकत नाहीं."

परवानगीचा विचार कोणाच्याहि मनास शिवला नाहीं. घर आपलें, भिंत आपली, खिडकीहि आपलीच. कारागीर आला, जुनी चौकट उखडली आणि बाजूच्या विटा काढूं लागला. तिसऱ्या दिवशीं एक सरकारी कर्मचारी दाराशीं येऊन सभ्यपणें म्हणाले, "आजोबा, काम थांबवा. हें घर शंभर मीटरच्या आंत आहे."

आम्हीं त्यांच्याशीं वाद घातला. आमचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. राष्ट्रीय इमारत संहितेच्या 2016 च्या आवृत्तींत ज्या किरकोळ कामांस परवाना नको असें म्हटलें आहे, त्यांत दार, खिडकी अगर झरोका उघडणें किंवा बुजविणें हेंहि आहे. अट इतकीच कीं, त्यानें इमारतीच्या मजबुतीस, आगीपासूनच्या सुरक्षिततेस व आरोग्याच्या नियमांस बाध येऊं नये. मुंबईकर वाचकांस 1888 च्या महानगरपालिका कायद्याचें 342 वें कलम पाहावें लागतें. गिलावा, रंग, फरशी, नळ अशी राहत्या घराची साधी दुरुस्ती त्या कलमाप्रमाणें आगाऊ सूचनेवांचून करतां येते. परंतु घराचीं उभीं-आडवीं मापें बदलणें किंवा भार पेलणारी भिंत काढणें त्या सवलतींत बसत नाहीं. शहराच्या वारसा-यादींत असलेल्या इमारतींची गोष्ट आणखी निराळी. त्यांच्या दर्शनी भागास हात लावण्यापूर्वीं वारसा समितीकडे जावें लागतें. तात्पर्य, जुनी झडप काढून तेवढीच नवी बसविणें हें बहुतेक घरीं बिनबोभाट होतें. भिंतीचें भोंक वाढवूं लागलें कीं कायदा जागा होतो.

आमच्या घरापुरता मात्र तो आधींपासूनच जागा होता. शनिवारवाड्याचा पाया 10 जानेवारी 1730 रोजीं घातला गेला आणि 22 जानेवारी 1732 रोजीं वास्तुशांत झाली. 1828 च्या फेब्रुवारींतील आगींत आंतील महाल गेले; तट, दरवाजे आणि जोतीं उरलीं. ही वास्तु केंद्रसरकारच्या संरक्षणाखालीं आहे. प्राचीन स्मारकांविषयींचा कायदा 1958 चा. 16 जून 1992 च्या अधिसूचनेनें अशा स्मारकांभोंवतालचें 100 मीटरपर्यंतचें क्षेत्र निषिद्ध व त्यापुढील 200 मीटरचें नियंत्रित ठरलें. 2010 च्या दुरुस्तीनें ती मर्यादा कायद्यांतच घातली गेली, आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची तरतूद झाली. निषिद्ध क्षेत्रांत खाजगी मालकास नवें बांधकाम करतां येत नाहीं. जुन्या घराची दुरुस्ती करतां येते, पण परवानगी घेऊनच. विनापरवाना काम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीं. हें ऐकून वहिनींनीं विचारलें, "तांदूळ निवडायच्या जागेसाठीं दोन वर्षें?"

त्या रात्रीं आम्ही फार चिडलों होतों. सकाळीं फिरावयास गेलों असतां तटाखालून सहज घराकडे नजर गेली. पस्तीस वर्षें त्या रस्त्यानें शाळेंत गेलों, पण घराकडे रस्त्यावरून असें पाहिलें नव्हतें. तीन खिडक्यांच्या ओळींत मधोमध एक भगदाड, आणि त्याच्या कडेच्या विटा दांत पडल्यासारख्या. आंत बसणाऱ्यास खिडकी घराची वाटते. रस्त्यानें जाणाऱ्यास ती रस्त्याची असते. ह्या दुसऱ्या पक्षाला आम्हीं कांहींच विचारलें नव्हतें. भगदाडास फळ्या ठोकल्या आणि अर्जाच्या मागें लागलों.

हा अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. कायद्यानें मुदती घालून दिल्या आहेत: 15 दिवसांत अर्ज राष्ट्रीय प्राधिकरणाकडे जावा, तेथून दोन महिन्यांत अभिप्राय यावा, आणि त्यापुढें एका महिन्यांत निर्णय कळवावा. आम्हांस जमवावयास सांगितलेले कागद असे: मिळकत-पत्रिका, सर्व सहमालकांची संमति, आर्किटेक्टनें मापांसह काढलेले सध्यांचे व योजलेले नकाशे, छायाचित्रें, आणि घर 16 जून 1992 पूर्वींपासून उभें असल्याचा पुरावा.

ह्या यादींतील दोन बाबींनीं आमची झोंप उडविली.

मिळकत-पत्रिकेवर तीर्थरूपांच्या मागून आम्हां तिघां भावांचीं नांवें लागलीं होतीं. थोरले बंधु कैलासवासी झाले. त्यांच्या वारसांची नोंद करावयाची राहून गेली होती, ती पुतण्यानें करून घेतली. मधले बंधु कोथरुडास राहतात. त्यांच्याशीं आमचें अकरा वर्षें बोलणें नव्हतें. कारण वडिलांची कागदांची पेटी. तेराव्यानंतर ती पेटी ते घेऊन गेले, आणि आम्ही चारचौघांत "न विचारतां नेली" असें म्हणालों. त्या दिवसापासून त्यांनीं घराचा उंबरा ओलांडला नाहीं. पेटींत दागिना नव्हता कीं रोकड नव्हती. होत्या त्या घरपट्टीच्या पावत्या आणि जुनीं पत्रें. आतां संमति हवी ती त्यांची, आणि पुरावा असलाच तर त्याच पेटींत.

दहा दिवस आम्हीं चालढकल केली. पुतण्या म्हणाला, "काका, वकिलाकडून पत्र पाठवूं." वहिनींनीं त्यास गप्प केलें आणि आम्हांस म्हणाल्या, "भावजी, त्यांच्याकडे कागद मागूं नका. माझ्या खिडकीला फळ्या ठोकल्या आहेत, एवढें कळवा."

आम्हीं पत्र लिहावयास घेतलें. पहिल्या मसुद्यांत कलमें, तारखा आणि मुदती होत्या, तो फाडला. दुसरा तीन ओळींचा झाला. झडप पडली, वहिनींच्या खिडकीला फळ्या आहेत, आणि त्या दिवशीं आम्ही चारचौघांत जें बोललों, तें बोलावयास नको होतें.

पांचव्या दिवशीं बंधु रिक्षांतून उतरले. बरोबर पेटी होती. वहिनींना नमस्कार करून ते सरळ माडीवर गेले आणि बराच वेळ फळ्यांकडे पाहात उभे राहिले. मग पेटी उघडली. वडिलांनीं घरपट्टीच्या पावत्या वर्षानुक्रमें बासनांत बांधून ठेविल्या होत्या, 1961 सालापासूनच्या. 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुरांत त्याआधींचे कागद गेले, म्हणून पुढचे त्यांनीं जिवापलीकडे जपले. बंधु आम्हांस म्हणाले, "तुझ्याकडे राहिली असती, तर ह्या पेटीलाहि वाळवी लागली असती." आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. उखडलेली चौकट तेथेंच भिंतीशीं टेकून उभी होती.

त्यांनीं संमतिपत्रावर सही केली, आणि खिडकी रुंद करण्याचा बेत ऐकून मान हालविली. वरच्या लाकडी तुळईवर आढ्याचा भार येतो, असें ते म्हणाले. आर्किटेक्टचेंहि तेंच मत पडलें. पुतण्यानें हट्ट सोडला. परवानगी पौषांत आली. अट अशी कीं, खिडकी त्याच जागीं, त्याच मापाची, लाकडाची आणि पूर्वींसारखीच दिसणारी असावी. कायद्याच्या मुदतीपेक्षां वेळ थोडा अधिक लागला. पण नकाशांत गजांचीं मापें लिहावयाचीं आमच्याकडूनच राहिलीं होतीं, हें कबूल केलें पाहिजे.

ह्या अनुभवावरून वाचकांस चार गोष्टी सुचवितों. पहिली, चौकट उखडण्यापूर्वीं चौकशी करा; उखडल्यावर केलेली चौकशी महाग पडते. दुसरी, जवळ कोणतें संरक्षित स्मारक आहे, आणि घर वारसा-यादींत आहे किंवा कसें, हें पाहा. तिसरी, खिडकी रुंद करण्याचा मोह शक्यतों आवरा. ज्या खिडकींतून 20 वर्षें निर्वेध उजेड-वारा येत आहे, तिला भारतीय सुविधाधिकार कायद्यानें (1882) हक्क मिळूं शकतो. परंतु तो पूर्वींपासून येत असलेल्या तेवढ्याच उजेडाचा. वाढविलेल्या भागास तो आपोआप लागत नाहीं. उलट शेजाऱ्याच्या एकांताचा भंग होईल अशी नवी खिडकी न उघडण्याची एखाद्या गांवची रूढि असूं शकते, असा दाखला त्याच कायद्यांत दिलेला आहे. शिष्टांची रूढि ती हीच! चौथी गोष्ट, मिळकत-पत्रिकेवरील नांवें माणसें हयात आणि बोलतीं असतांनाच नीट करून घ्या. सरकारी कचेरींत एका सहीची किंमत कागदाएवढी असते. घरांत ती किती असते, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

माघांत नवी खिडकी बसली. पाडलेल्या एका वाड्याचें जुनें सागवान मिळालें, म्हणून खर्च आवाक्यांत राहिला. जुने गज घासूनपुसून तेच वापरले, आणि आंतून काढतां-घालतां येईल अशी जाळी लावून सूनबाईंचेंहि समाधान केलें. वहिनींचा श्रावण मात्र फळ्यांआड गेला. त्या महिन्यांत आमची धाकटी नात त्यांस पोथी वाचून दाखवीत असे. आतां उजेड पूर्वींएवढाच येतो, पण त्यांची दृष्टि आणखी मंद झाली आहे. म्हणून नात अजूनहि वाचते आणि वहिनी गजांना टेकून ऐकतात. अडखळली तर पुढचा शब्द त्याच सांगतात.

मधले बंधु महिन्यांतून एकदां येतात. पेटी मात्र ते त्याच दिवशीं परत घेऊन गेले. आम्हींहि ती मागितली नाहीं.