पडद्यामागच्या सेवकाचे रुसवे

समोर कोणी बसलेले नसतानाही संगणकाची काही कामे चालू राहावी लागतात. ती करणाऱ्या आज्ञावलीला युनिक्सच्या जगात 'डीमन' म्हणतात. १९६३ च्या सुमारास एमआयटीतील संगणकतज्ज्ञांनी हे नाव मॅक्सवेलच्या रेणू निवडणाऱ्या काल्पनिक राक्षसावरून घेतले. ऊष्मागतिकी शिकवताना विद्यार्थ्यांना हे जरूर सांगावे.

आमच्या प्रयोगशाळेत हवामानाच्या नोंदी दर दहा मिनिटांनी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये जमा होत. तो आम्ही स्वतः कंपाइल केला होता व हातानेच सुरू करीत असू. एका शनिवारी रात्री वीज गेली आणि आली. संगणक आपोआप सुरू झाला, डेटाबेस मात्र झाला नाही. सोमवार सकाळपर्यंतच्या नोंदी कायमच्या गेल्या. तेव्हा डेटाबेस सिस्टीमडीच्या हवाली करायचे ठरले. लिनक्समध्ये सगळ्या सेवांना कामाला लावणारा हा मुकादमच.

पहिल्याच फटक्यात नकार मिळाला. सेवेच्या फाइलीत वापरकर्त्याचे नाव नसेल, तर सिस्टीमडी ती सेवा 'रूट' या सर्वाधिकाऱ्याच्या नावाने चालवतो. पोस्टग्रेसला ते मान्य नाही, आणि ते योग्यच आहे. त्यात एखादी फट सापडली तर घुसखोराच्या हाती सगळा संगणक जाईल. म्हणून मर्यादित अधिकारांचा वेगळा वापरकर्ता केला. मग नोंदींचे फोल्डर त्याच्या मालकीचे नाही, अशी तक्रार आली. मालकी बदलली आणि मालकाखेरीज कोणाला आत डोकावता येऊ नये म्हणून परवानगी ०७०० ठेवली.

खरा चकवा पुढे होता. सेवा सुरू होई, नोंदी येऊ लागत आणि दीड मिनिटाने सारे बंद पडे. सुरू करण्याची आज्ञाही तेवढा वेळ अडकून राही. हाताने चालवले की दिवसभर ठणठणीत! रॅम कमी पडत असावी, असे आमच्यापैकी एकाचे मत होते. पण रॅमअभावी येणारे मरण असे घड्याळ लावून येत नाही. पोस्टग्रेसच्या नोंदवहीत आधी 'तयार आहे' आणि नंतर 'थांबण्याची आज्ञा मिळाली' असे होते. म्हणजे तो कोसळत नव्हता, त्याला कोणीतरी थांबवत होते. सिस्टीमडीच्या रोजनिशीत 'मुदत संपली' असा शेरा सापडला. ही मुदत सहसा ९० सेकंदांची असते.

सेवेचा प्रकार आम्ही माहितीपुस्तिकेतून 'नोटिफाय' असा उतरवला होता. त्याचा अर्थ, तयार झाल्याचे सेवेने स्वतः कळवायचे. कंपाइल करताना 'विथ-सिस्टीमडी' हा पर्याय दिला तरच पोस्टग्रेसला हे कळवता येते. आम्ही तो दिला नव्हता. एक तयार असून मुका, दुसरा कान देऊन बसलेला! हाताने चालवताना निरोपाची वाट पाहणारे कोणी नसल्याने अडचण येत नव्हती. तीच आवृत्ती त्या पर्यायासह पुन्हा कंपाइल केली आणि सेवा टिकली.

मग मुद्दाम संगणक बंद करून पुन्हा चालू केला, तर पुन्हा सामसूम. 'स्टार्ट' ही आज्ञा फक्त त्या वेळेपुरती. दर वेळी संगणकाबरोबर सेवा सुरू व्हावी यासाठी 'इनेबल' लागते, हे घाईत राहून गेले होते. ती आज्ञा देऊन संगणक पुन्हा बंद-चालू केला. पुढची नोंद ४ वाजून १० मिनिटांनी आली, कोणी हात न लावता.